इंडियाना जोन्स परत आला, म्हातारा होऊन आला, आणि तेच बरं झालं

१५ वर्षं वाट बघितली. इंडियाना जोन्स म्हणजे आपला इंडी, जुन्या वस्तू शोधत जगभर फिरणारा पुरातत्त्वाचा प्रोफेसर. २००८ ला चौथा भाग आला त्यानंतर थेट २०२३ च्या २९ जूनला, आषाढी एकादशीच्या दिवशी. मधे दर वर्षी बातमी यायची की येतोय येतोय, मग तारीख पुढं, परत पुढं, मग २०२० ला आधीचे चारही भाग काढणारा स्पीलबर्ग डायरेक्शन सोडतोय म्हणून कळलं तेव्हा तर वाटलं संपलं आता, मग २०२१ ला फायटिंगची प्रॅक्टिस करताना इंडीचं काम करणाऱ्या हॅरिसन फोर्डचा खांदा दुखावला आणि शूटिंग थांबलं. आणि एवढं होऊन 'इंडियाना जोन्स अँड द डायल ऑफ डेस्टिनी' आला, आणि आठवड्याच्या आत जो तो म्हणायला लागला की आपटला, म्हातारा झालाय हिरो, पळवत नाही त्याला, कशाला काढला.

मला आवडला. सगळा नाही, बराच. आणि हिरो म्हातारा झालाय म्हणूनच आवडला हे सांगायला हे लिहितोय. पुढं स्टोरी सांगणार आहे सगळी, ज्यांना बघायचाय त्यांनी बघून या मग वाचा.

आधी सांगलीचं सांगतो. ३० जूनला 'बाईपण भारी देवा' लागला आणि बघता बघता सगळे पडदे त्याचेच झाले, मिरज तासगाव विट्याहून बायकांचे ग्रुपच्या ग्रुप गाड्या करून येत होते, काठापदराच्या साड्या, गजरे, गॉगल लावून पोस्टरपुढं फोटो, आणि मराठी पिक्चरला अशी गर्दी बघून खरंच भरून आलं, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण इंडीच्या वाट्याला उरला तो रात्रीचा शो, तोही हिंदी डब. बघितला. मग इंग्रजीतनं बघायला कोल्हापूरला गेलो. दोन्ही बघितल्यामुळं एक गोष्ट लक्षात आली ती पहिली सांगतो.

सुरुवात १९४४ ची आहे. युद्ध हरत आलेत नाझी, लुटलेल्या वस्तू ट्रेनमधे भरून पळायच्या तयारीत आहेत आणि इंडी त्यांच्या तावडीत सापडलाय. इथं फोर्डला तरुण दाखवलंय, जुन्या पिक्चरमधलं त्याचं फुटेज कंप्युटरला घालून चेहरा बनवलाय म्हणे, आणि चेहरा जमलाय, पहिल्यांदा डोक्यावरचं पोतं काढतात आणि तो चेहरा दिसतो तेव्हा अंगावर काटा आला माझ्या. पण तोंड उघडलं की आवाज ऐंशी वर्षाच्या माणसाचा. घोगरा, दमलेला. हिंदीत हे कळत नाही कारण आवाज दुसऱ्याचाच आहे, इंग्रजीत मात्र डोळे एक सांगतात आणि कान एक. चालताना, ट्रेनच्या टपावर पळताना पण अंग जड वाटतं, कुठंतरी रबरी. बांधणी चांगली आहे त्या भागाची, ट्रेनचा सगळा प्रसंग जुन्या इंडीसारखाच आहे, टोबी जोन्सनं केलेला तो घाबरट प्रोफेसर बेसिल शॉ तर एकदम झकास, पण अंधार एवढा का ठेवलाय? चेहरा झाकायला ठेवलाय असंच वाटत राहिलं. जिथं वय लपवायला बघितलंय तिथं पिक्चर कमजोर पडलाय.

आणि मग एकदम १९६९. न्यूयॉर्क. खाली शेजारची पोरं मोठ्यानं गाणी लावून बसलीत आणि वर हा उघड्या अंगानं खुर्चीत झोपलाय, त्वचा लोंबलेली, पोट, पांढरे केस. कॅमेरा काही झाकत नाही. आमच्या थेटरात त्या वेळी एकदम शांत झालं सगळं, कारण आपण ज्याला बघायला आलो तो हा असा आहे हे पचायला वेळ लागला. घरात बायकोचे घटस्फोटाचे कागद. कॉलेजात पोरं जांभया देतायत, ज्याच्या तासाला एके काळी जागा मिळायची नाही त्याच्याकडं बघायला पण कोण तयार नाही, सगळ्यांना चंद्रावरनं परत आलेल्या अंतराळवीरांची मिरवणूक बघायचीय. जग वर बघतंय आणि ह्याचं आयुष्य जमिनीखाली खोदण्यात गेलंय. आणि त्या दिवशी त्याची रिटायरमेंट आहे, स्टाफ रूममधे केक, चार वाक्यांचं भाषण, आणि भेट म्हणून घड्याळ.

घड्याळ! आमचे आण्णा हायस्कूलमधनं रिटायर झाले तेव्हा शाल श्रीफळ झालं, भाषणं झाली आणि स्टाफतर्फे भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आईनं किती वेळा सांगितलं लावा म्हणून, आण्णांनी ते खोक्यातनं काढलं नाही, अजून कपाटावर आहे, वरच्या पट्टीवर सगळ्या स्टाफची नावं आहेत. कधी विचारलं नाही का लावत नाही ते. इंडी ते घड्याळ घेऊन रस्त्यावर येतो आणि समोरनं येणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात देऊन पुढं जातो, एक शब्द न बोलता. अर्ध्या मिनिटाचा सीन असेल. पाठलागावर कोट्यवधी घातलेत त्या सगळ्यापेक्षा मला हा सीन जास्त लक्षात राहिला.

डायरेक्टर जेम्स मॅनगोल्ड आहे, ज्यानं २०१७ ला 'लोगन' काढला, तिथं पण दमलेला, अंग दुखणारा हिरो होता, त्यामुळं हे त्याला जमणार असं वाटत होतंच आणि माणसांचे सीन त्यानं मनापासून केलेत. सल्ला आठवतो ना, पहिल्या आणि तिसऱ्या भागातला इजिप्तमधला दोस्त, जॉन ऱ्हिस-डेव्हिस? तो आता न्यूयॉर्कात टॅक्सी चालवतो. विमानतळावर सोडायला येतो आणि तिथं त्याला मोह होतो, मी पण येतो म्हणतो, बॅग घेऊन तयारच आलाय. वाळवंट आठवतं, समुद्र आठवतो, सकाळी उठल्यावर आज काय नवीन घडणार ही हुरहुर आठवते असं काहीतरी बोलतो आणि इंडी त्याला सोबत नेत नाही. का नेत नाही यार! मी तर म्हणतो सल्लाला न्यायला पाहिजे होता, ज्या जागी नंतर अँटोनिओ बँडेरास येतो तिथं सल्ला चालला असता. बँडेराससारखा माणूस घेतला, बोट दिली, एक पाय गमावलेला पाणबुड्या केला, आणि जरा ओळख होतेय तोवर मारून टाकला. वाया घालवला सरळ.

पाठलाग जास्त झालेत हे लोकांचं म्हणणं मात्र बरोबर आहे. मिरवणुकीतनं पोलिसाचा घोडा घेऊन हा खाली भुयारी रेल्वेत शिरतो तो भारी आहे, रेल्वे समोरनं येते आणि घोडा अंग चोरून बाजूच्या रुळावर, नाद खुळा. पण मग मोरोक्कोतल्या टँजियरला तीनचाकीतनं गल्लीबोळातनं जे चालू होतं ते संपतच नाही. आमच्याकडं त्याला शिट्ट्या सगळ्यात जास्त पडल्या, मागनं एकजण वडापवाल्याच्या आवाजात "मिरज मिरज मिरज, चला एक सीट!" ओरडला आणि अख्खं थेटर हसलं, पण हसून झाल्यावरही पाठलाग चालूच. पाण्याखालचा सीन तर आणखी निराशा, बुडालेलं रोमन जहाज म्हटल्यावर मी पुढं सरकून बसलो होतो, आणि तिथं सापाऐवजी ईल मासे अंगावर सोडले, घोळ झाला, काय दिसलं ते कळलं नाही, बाहेर. त्या जहाजात हांडे असतील, मूर्ती असतील, जरा थांबून दाखवायचं होतं.

कारण ज्या वस्तूमागं सगळे लागलेत तिची खरी गोष्टच एवढी जबरदस्त आहे. पिक्चरमधे तिला अँटिकिथेरा म्हणतात, जुन्या काळच्या ग्रीक गणिती आर्किमिडीजनं बनवलेलं यंत्र, काळात मागं जायची वाट दाखवणारं. आता काळात मागं जाणं सोडा, पण यंत्र खरंच आहे. ग्रीसमधे अँटिकिथेरा नावाच्या बेटाजवळ स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना १९०० ला बुडालेलं जहाज सापडलं आणि १९०१ ला त्यातनं गंज चढून दगडासारखे झालेले ब्राँझचे तुकडे वर आले, आत दातेरी चाकं. अथेन्सच्या म्युझियममधे ठेवलंय ते. नंतर एक्स-रे काढून काढून कळलं की ३० तरी चाकं आहेत आत, आणि मूठ फिरवली की सूर्य कुठं, चंद्र कुठं, ग्रहण कधी हे सांगायचं, म्हणजे थोडक्यात मूठ फिरवायचं पंचांगच, दोन हजार वर्षांपूर्वीचं. आर्किमिडीजनंच केलं असा काही पुरावा नाही, पण त्याचं सिसिलीतलं शहर सिराक्यूज पडल्यावर रोमन सेनापती मार्सेलस त्याचं आकाशातल्या ग्रहांची चाल दाखवणारं यंत्र घरी घेऊन गेला असं रोमन लेखक सिसेरोनं लिहून ठेवलंय, त्यामुळं पिक्चरवाल्यांनी हवेत काही सोडलेलं नाही.

आणि हे सगळं ग्रीक रोमन आपल्यापासून लांबचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी कोल्हापूरला टाऊन हॉल म्युझियममधे जा. तिथं समुद्राच्या ग्रीक देवाची, पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे, पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली. हातभर पण नाही, अंग जरा मागं झुकवून एक हात वर करून उभा आहे. समुद्रापार कुठंतरी ओतलेली मूर्ती जहाजातनं आली, घाट चढून आली आणि आपल्या नदीकाठी येऊन मातीत गेली. इंग्रजीतला शो बघायला गेलो त्या दिवशी आधी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो होतो, शाळेच्या सहलीत बघितली होती तेव्हा काय कळलं नव्हतं. इंडी आयुष्यभर भांडतोय ते ह्याच्यासाठी, की असली वस्तू म्युझियममधे पाहिजे, कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात नको. ह्या भागात तेच भांडण त्याला स्वतःच्या मानसकन्येशी करावं लागतं, कारण बेसिल शॉची ती पोरगी हेलेना जुन्या वस्तू लिलावात विकते.

हेलेनाबद्दल नेटवर लई वाईट बोललंय लोकांनी, मला ते पटत नाही. फीबी वॉलर-ब्रिजनं तिला लबाड केलंय, पैशापुरती, खोटं बोलताना डोळ्यात चमक येते तिच्या, आणि ती लबाड आहे म्हणूनच शेवटी जे करते त्याला वजन येतं. पण तिला विद्वान पण दाखवलीय, जुनी लिपी वाचते, कोडी सोडवते, आणि दोघं मिळून मेणाच्या पाटीवरचं कोडं सोडवतात, वजनावरनं कळतं की आत काहीतरी लपवलंय, मेण वितळवतात, तो भाग खरा इंडियाना जोन्स. डोकं चालवणारा. असले सीन अजून दोन पाहिजे होते आणि एक पाठलाग कमी.

सिसिलीत गुहेत शिरतात, सिराक्यूजची ती गुहा पण खरी आहे, डायोनिसियसचा कान म्हणतात तिला. तिथं कड्यावर चढताना इंडी मधेच थांबतो आणि धापा टाकत हेलेनाला सगळं ऐकवतो, पायात पट्टी बसवलीय, स्क्रू आहेत, मणके गेलेत, बंदुकीच्या किती गोळ्या खाल्ल्या, आणि त्यातच कालीचं रक्त जबरदस्तीनं पाजलं होतं ते पण निघतं. मला एकदम १९८४ चा दुसरा भाग आठवला. तो भाग भारतीय माणसाला दुखवणारा आहे, अजून दुखतो, राजवाड्यात पाहुण्यांना माकडाचा मेंदू वाढतायत वगैरे. स्क्रिप्ट बघून आपल्या सरकारनं इथं शूटिंग करू दिलं नाही म्हणून श्रीलंकेत केलं, ते बरोबरच केलं. पण त्यातला मोलाराम म्हणजे आपले अमरीश पुरी, डोकं सफाचट करून, आणि अख्ख्या मालिकेत त्यांच्या तोडीचा व्हिलन झाला नाही हे पण तेवढंच खरं. इथला व्हिलन मॅड्स मिकेल्सन थंड डोक्याचा आहे, नाझी शास्त्रज्ञ, युद्धानंतर नाव बदलून अमेरिकेसाठी रॉकेट बनवतोय (असे जर्मन शास्त्रज्ञ अमेरिकेनं खरंच नेले होते), त्याला १९३९ ला जाऊन हिटलरला मारायचंय आणि मग युद्ध नीट जिंकायचंय. कल्पना भयंकर आहे, नट ताकदीचा आहे, तरी भीती वाटत नाही त्याची, कारण त्याला बोलायला निवांत जागाच दिलेली नाही.

चौथ्या भागातला इंडीचा पोरगा कुठंय हे सगळ्यांना पडलेलं. बोटीवर हेलेना सहज विचारते, मागं जाता आलं तर काय करशील, आणि इंडी सांगतो की पोराला सैन्यात जाऊ दिलं नसतं. व्हिएतनाममधे गेला तो. आईचं दुःख थांबेना, मला ते थांबवता येईना, संसार मोडला. फोर्ड रडत नाही इथं, नुसतं खाली बघत बोलतो, आणि मला वाटतं कित्येक वर्षांत त्यानं एवढं चांगलं काम केलं नव्हतं. सैनिकांचा जिल्हा आहे शेजारी आमच्या, साताऱ्याकडची किती घरं अशी आहेत जिथं भिंतीवर वर्दीतला फोटो आणि दोन म्हातारी माणसं एकमेकांशी मोजकं बोलत बसलेली असतात. तो सीन कळायला तिथं इंग्रजी यायची गरज नाही.

आता शेवट, ज्याच्यावरनं सगळे भांडतायत. इंडीला आणि व्हिलनला घेऊन विमान आभाळातल्या काळाच्या भेगेतनं जातं आणि १९३९ ऐवजी निघतं इसवी सनापूर्वी २१२ ला, सिराक्यूजला रोमन आरमारानं वेढा घातलाय, भिंतीवर आर्किमिडीजची यंत्रं चालू आहेत आणि खालचे सैनिक विमानाला ड्रॅगन समजून त्याच्यावर भाले टाकतायत. लोक म्हणतात अती झालं. मालिकेत देवाच्या पेटीतनं भुतं निघाली, सातशे वर्षाचा सरदार भेटला, परग्रहावरचे आले ते चाललं आणि हे अती? मला तर इथं टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. कारण खांद्यात गोळी लागलेला इंडी समुद्रकिनाऱ्यावर बसलाय, समोर ती लढाई ज्याबद्दल त्यानं पोरांना उभं आयुष्य शिकवलं आणि पोरांनी जांभया दिल्या, आणि आर्किमिडीज स्वतः चालत येतो आणि इंडी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलतो. आणि मग म्हणतो मला इथंच राहू दे. परत जाऊन काय करू?

माझा दोस्त बाहेर आल्यावर चहाच्या गाड्यावर म्हणाला, "राहू द्यायचं होतं की रे त्याला, तेवढं तरी मनासारखं." आम्ही तासभर भांडलो. मी म्हणतो नाही, हेलेनानं ठोसा मारून आणलं तेच बरोबर. कारण तिथं राहणं म्हणजे मरणं होतं, रक्त चाललं होतं, दोन दिवस पण काढले नसते, आणि शहर पडल्यावर आर्किमिडीजला रोमन सैनिकानं मारलं हा तर इतिहासच आहे. इंडीला इतिहासात राहायचं नव्हतं, त्याला आपल्या दुःखातनं सुटायचं होतं, आणि ते कुणीतरी ओळखून त्याला घरी आणायला पाहिजे होतं. दोस्ताला अजून पटलेलं नाही, पण ठोसा एवढा अचानक येतो आणि पडदा काळा होतो ते घाईत झालंय हे मी पण मान्य करतो, विमानात बसून परत येतानाची दोन मिनिटं दाखवली असती तर हा वादच झाला नसता.

डोळे उघडतो तर आपल्या खोलीत. दार उघडून त्याची बायको मॅरियन येते, हातात बाजाराच्या पिशव्या. म्हणजे कॅरेन ॲलन! १९८१ च्या पहिल्या भागात बोटीवर हा ठेचकाळून पडलेला असतो आणि ती विचारते दुखत नाही असं कुठं आहे, तो जुना संवाद दोघं परत करतात, पिकल्या केसांचे, थरथरत्या आवाजात, आणि आता ते दुखणं अंगाचं राहिलेलं नाही, पोराचं आहे. सल्ला बाकीच्यांना घेऊन आईस्क्रीमच्या नावाखाली बाहेर सटकतो. मी रडलो, कोल्हापूरला परत रडलो. चाळीस वर्षं दोन नट म्हातारे होत गेले आणि ते म्हातारपण पडद्यावर कामाला आलं, हे कुठला कंप्युटर करून देणार.

म्युझिक जॉन विल्यम्सचं, पाचही भागांना त्याचंच, तेव्हा वय ९१. हेलेनाची धून नवीन केलीय आणि ती जुन्या काळच्या प्रेमकथेसारखी आहे, घरी आल्यापासून ऐकतोय. म्हणूनच थेटरवाल्यांचा राग आला. नाव घेत नाही, पण नावं सुरू झाली की फटाफट लाईट लावले, दारं उघडली, झाडूवाला आत, आवाज बारीक. इंटरव्हल पण वाक्य अर्धं तोडून. बाकी खुर्च्या चांगल्या होत्या, पडदा स्वच्छ, पण पार्किंगचे वेगळे, पॉपकॉर्नचा भाव बघून घशाखाली उतरेना, आणि बॅगेतला भडंगाचा पुडा दारातच काढून ठेवायला लावला. एवढं तिकीट घेता तर पाच मिनिटं अंधार राहू द्या, एवढीच मागणी.

२ तास ३४ मिनिटांचा आहे, त्या हिशोबानं बसा. एकदम लहान पोरांना नको, गुहेत किडे आहेत आणि माणसं पटापट मारलीत, आठवी-नववीच्या पोरांना मात्र जरूर दाखवा. आधी १९८१ चा पहिला बघाच, नाहीतर शेवटच्या सीनचं काही कळणार नाही. वेळ असेल तर तिसरा, बापलेकाचा, तो मला सगळ्यात जवळचा. चौथा नाही बघितला तरी चालतंय, फक्त मॅरियनशी लग्न झालं आणि त्यांना मुलगा होता एवढं लक्षात ठेवा. आणि जमलं तर इंग्रजीतनंच बघा, मोबाईलवर नको, आणि घरातल्या कुणा रिटायर माणसाला सोबत घ्या. आण्णांना मी पुढच्या रविवारी दाखवतोय.